चेक आज दिला, पैसे उद्या भरू? आता ते दिवस गेले!

आपल्याकडे घर चालवणाऱ्या बाईला बँकेचे एक गणित कोणी न शिकवता येते. दुकानदाराला चेक द्यायचा, तो बँकेत टाकणार, मग क्लिअरिंगला जाणार, मग आपल्या बँकेत येणार. म्हणजे दोन दिवस तर कुठे गेले नाहीत. तोवर भिशीचे येतील, नाहीतर सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडून काही सुटतील, नाहीतर माहेरून हातउसने आणू. चेक आज आणि पैसे परवा. वर्षानुवर्षे कितीतरी संसार आणि कितीतरी छोटी दुकाने या दोन दिवसांच्या सवलतीवर चालली. ही सवलत बँकेने कधी कागदावर लिहून दिलेली नव्हती. कामाला वेळ लागायचा म्हणून ती आपोआप मिळत होती.

४ ऑक्टोबर २०२५ पासून ती संपली. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने चेक वटवण्याची पद्धतच बदलली. मोठ्या शहरातल्या व्यापारी पानांवर याची बातमी आली, तज्ज्ञांनी स्वागत केले. पण खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, देऊळगावराजा इथल्या घरांत याचा अर्थ काय होतो, हे फारसे कोणी सांगितले नाही. म्हणून आज त्याबद्दल बोलू या.

आधी काय होते?

पूर्वी चेक म्हणजे खरोखरच कागद प्रवास करायचा. बाहेरगावचा चेक असला तर पंधरा-पंधरा दिवस वाट पाहावी लागे. नंतर सीटीएस आले, म्हणजे चेकचा फोटो काढून तो संगणकावरून पाठवायचा. कागद शाखेतच राहतो, फोटो फिरतो. सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत सगळ्या बँकांनी आपल्या सर्व शाखा या पद्धतीत आणाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. त्यामुळे लहान गावातल्या शाखेचा चेकही दुसऱ्या दिवशी वटू लागला. पण तरी काम गठ्ठ्याने चालायचे. दिवसभराचे चेक गोळा करायचे, एकदम पाठवायचे, दुसऱ्या दिवशी उत्तर यायचे. आपला तो एक-दोन दिवसांचा श्वास या गठ्ठ्यामुळे मिळत होता.

आता गठ्ठा गेला. चेक शाखेत आला की स्कॅन करून लगेच पुढे पाठवायचा, दिवसभर हे सतत चालू. ज्या बँकेवर चेक काढला आहे तिने त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत ‘देतो’ किंवा ‘परत करतो’ असे उत्तर द्यायचे. सातपर्यंत काहीच उत्तर दिले नाही तर चेक मंजूर झाला असे धरून हिशेब पुरा होतो. मधल्या काळात दर तासाला बँकाबँकांचा हिशेब होत राहतो, आणि हिशेब झाल्यावर साधारण तासाभरात पैसे देणेकऱ्याकडून घेणेकऱ्याच्या खात्यात पडायला हवेत.

याच्याही पुढचा टप्पा ३ जानेवारी २०२६ पासून येणार होता. त्यात बँकेला उत्तर द्यायला फक्त तीन तास मिळणार होते. पण डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा दुसरा टप्पा पुढे ढकलला, बँकांना तयारीला अजून वेळ द्यायचा म्हणून. कारणही तसेच होते. पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांत देशभर अनेकांचे चेक अडकले होते, फोटो नीट न निघणे, पैसे खात्यात उशिरा पडणे अशा तक्रारी होत्या. म्हणजे घाई बँकांनाही झेपली नव्हती. बँकांना वेळ वाढवून मिळाला. आपल्याला मात्र नवीन वेळेची सवय स्वतःच लावून घ्यायची आहे.

फायदा कोणाचा?

एक गोष्ट आधी प्रामाणिकपणे मान्य करू. ज्या बाईला चेक मिळायचा आहे, तिच्यासाठी हा बदल चांगलाच आहे. शाळेचे गणवेश शिवून देणारी, पापड-कुरडया पुरवणारी, दुधाचे पैसे घेणारी, भाड्याने खोली देणारी, या सगळ्यांना चेक टाकल्यावर ‘आले का हो पैसे?’ म्हणून तीन खेपा घालाव्या लागत. खेड्यातून तालुक्याला एक खेप म्हणजे एसटीचे भाडे आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. ती वाचली.

अडचण अशी, की घेणारी आणि देणारी बाई बऱ्याचदा एकच असते. तीच गणवेशाचा चेक घेते आणि तीच कापडवाल्याला चेक देते. आपल्या जिल्ह्यात तर पैसा येण्याची रीतच वेगळी. पगारदार घरात दर महिन्याच्या एका तारखेला पैसे येतात. शेतीच्या घरात सोयाबीन निघाले की येतात, कापूस विकला की येतात, आणि मग मधले कितीतरी महिने कोरडे. कापूस महामंडळाला घातला तर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येतात, पण कधी येतील ते आपल्या हातात नाही. व्यापारी कधी रोख देतो, कधी आरटीजीएस करतो, कधी चेक हातावर ठेवतो. येणारा पैसा असा बेभरवशाचा, आणि जाणारा पैसा मात्र तारखेचा. बचतगटाचा हप्ता, गाडीचा हप्ता, सोनेतारण, मुलाची हॉस्टेलची फी. या दोन्हींमध्ये जी फट पडते, ती बुजवायला आपण चेकचे ते दोन दिवस वापरत होतो.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, मेहकरजवळच्या गावात एक ताई शिवणकाम करते. तिच्या खात्यात ६,२०० रुपये आहेत. सोमवारी सकाळी तिने खामगावच्या कापडवाल्याला १८,००० रुपयांचा चेक दिला. तिच्या हातात शाळेकडून आलेला २०,००० रुपयांचा चेक आहे. तो ती दुपारी साडेतीनला बँकेच्या पेटीत टाकून येते. मनात हिशेब सरळ, वीस आले, अठरा गेले, शिल्लक वाढलीच!

पूर्वी हे बहुतेक वेळा जमून जायचे. आता काय होते पाहा. कापडवाल्याने बारा वाजता चेक बँकेत दिला. त्याच्या बँकेने तो स्कॅन करून पाठवला. ताईच्या बँकेत दुपारीच मागणी आली. खात्यात पाहिले तर ६,२००. चेक परत. इकडे ताईचा चेक पेटीत पडून आहे. शाखेची चेक घेण्याची वेळ टळून गेल्यामुळे तो मंगळवारी निघणार.

आता खर्च. चेक परत गेल्याचा दंड प्रत्येक बँकेचा वेगळा, पण तो काही शे रुपयांत असतो. ५०० रुपये धरले तर त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९० रुपये. झाले ५९०. कापडवाल्याच्या बँकेनेही त्याचा चेक परत आला म्हणून त्याच्याकडून काही कापले. तो ते ताईच्याच बिलात लावणार, आणि पुढच्या वेळी म्हणणार, ‘ताई, रोख असेल तरच माल नेजा.’ शेवटचे नुकसान सगळ्यात मोठे. छोट्या गावात माणसाची पत म्हणजेच त्याचे भांडवल.

याच उदाहरणात दुसरा धोका लपला आहे. शाळेचा चेकच परत आला तर? आपल्या हातात चेक आहे म्हणजे पैसे आहेत, असे नाही. पासबुकात उमटले, मेसेज आला, मगच पैसे आले.

आता उलट बाजू. कोणी म्हणेल, चार दिवस आधी पैसे खात्यात नेऊन ठेवले तर आपलेच नुकसान. तर तेही मोजून पाहू. २०१० च्या आधी बचत खात्यावर व्याज कसे मिळायचे ते जुन्या बायकांना आठवत असेल. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर व्याज. म्हणून तर ‘दहाच्या आत भरून टाका’ असे म्हणायचे. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकीवर मिळते. म्हणजे लवकर भरलेला पैसा एक दिवससुद्धा फुकट बसत नाही. १८,००० रुपये तीन दिवस आधी भरले आणि वर्षाला अडीच टक्के व्याज धरले, तर पावणेचार रुपयांच्या आसपास मिळतात. नगण्य आहेत, मान्य. पण घरात डब्यात ठेवले तर तेही मिळत नाहीत, आणि एक दिवस चुकला तर ५९० जातात.

हप्ता सुट्टी पाळत नाही

चेकपेक्षाही जास्त घरांना आता आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याचा फटका बसतो. कर्ज घेताना आपण एका कागदावर सही करतो की, दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून हप्ता घ्या. याला नाच मँडेट म्हणतात. १ ऑगस्ट २०२१ पासून ही व्यवस्था आठवड्याचे सातही दिवस चालते. रविवार असो, बँकेची सुट्टी असो, हप्ता कापायला येतोच.

आणि शाखा? ती मात्र रविवारी बंद, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, सणाला बंद. म्हणजे पाच तारीख रविवारी आली आणि शनिवारी सुट्टी असली, तर रोख पैसे शाखेत भरायची शेवटची संधी शुक्रवारी तीन तारखेला. ज्यांच्या गावात पैसे भरायचे मशीन आहे किंवा मोबाइलवरून पैसे पाठवता येतात, त्यांना हे जाणवणार नाही. ज्या बाईचे सगळे रोखीत चालते तिला मात्र दोन दिवस आधी जागे व्हावे लागते. हप्ता बहुतेकदा सकाळीच मागायला येतो, त्यामुळे ‘पाच तारखेला दुपारी भरते’ हेही चालत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी पैसे खात्यात हवेत.

हप्ता परत गेला की दोन बाजूंनी कापतात. आपली बँक परतीचा दंड लावते आणि कर्ज देणारी संस्थाही लावते. यात एक सुधारणा झाली आहे ती लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एप्रिल २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना दंड म्हणून व्याजाचा दर वाढवता येत नाही. दंड वेगळा दाखवावा लागतो आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हप्त्याच्या पावतीवर ‘दंडव्याज’ म्हणून काही चढत असेल तर विचारायचा तुमचा हक्क आहे.

आणखी एक छोटी रक्कम मोठे नुकसान करते. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून कापले जातात. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे. मे म्हणजे बियाण्या-खताच्या तयारीचे दिवस, खाते खरवडून काढलेले. तेवढे ४५६ रुपये राहिले नाहीत तर विमा चालू राहत नाही, आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. दुर्दैवाने काही घडले तर दोन लाखांचा आधार गेलेला असतो. २० मेच्या सुमारास एकदा पासबुक भरून पाहा, एवढेच सांगणे.

पंधराशे आले आणि गेले

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, म्हणजे तीन हजार रुपये, खात्यांत आले तेव्हा एक गोष्ट राज्यभर दिसली. कित्येक बायकांच्या खात्यातून आलेले पैसे तिथल्या तिथे कापले गेले. कोणाची किमान शिल्लक राहिली नव्हती, कोणाचा जुना दंड साठला होता, कोणाचे कर्ज थकले होते. ओरड झाली, महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना बँकांना सांगावे लागले की या पैशातून कापू नका.

त्या प्रकरणाने एक गोष्ट उघड केली. आपल्या खात्यावर कोणता आकार लागतो, हे बहुतेकींना पैसे कापले गेल्यावरच कळते. यातले काही बदलले आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यावरची किमान शिलकीची अट काढली. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही किमान शिलकीचा दंड बंद केला. पण सगळ्याच बँकांनी केलेला नाही, सहकारी आणि खासगी बँकांचे नियम वेगळे. शिवाय किमान शिलकीचा दंड गेला म्हणजे चेक परतीचा दंड गेला, असे मुळीच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक नियम मात्र सर्वांना उपयोगी. किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावत लावत बचत खाते शून्याच्या खाली, म्हणजे उणे करता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१५ पासून लागू केले आहे. ‘तुमचे खाते मायनसमध्ये आहे, आधी ते भरा’ असे कोणी सांगितले तर कशामुळे मायनस झाले ते लेखी मागा.

सही कोणाची, जबाबदारी कोणाची

आता यातला सगळ्यात गंभीर भाग. दंड भरून सुटता येते. कोर्टातून तसे सुटता येत नाही.

पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १३८ खाली गुन्हा होऊ शकतो. कायदा १८८१ चा, पण हे कलम १९८९ पासून लागू झाले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र लगेच घाबरायचे कारण नाही, कारण कायद्यात पायऱ्या आहेत. चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने लेखी नोटीस द्यायला हवी. नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर गुन्हा बनत नाही. हे १५ दिवस फार मोलाचे. पण आपल्याकडे काय होते? रजिस्टर्ड पाकीट आले की घरातला कोणीतरी ‘घेऊ नको, परत पाठव’ म्हणतो. पाकीट परत पाठवून नोटीस टळत नाही, आपले १५ दिवस तेवढे वाया जातात. पाकीट घ्या, वाचा, वाचता येत नसेल तर वकिलाला दाखवा.

२०१५ च्या दुरुस्तीनंतर खटला कुठे चालणार, तर ज्याला चेक दिला त्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. म्हणजे संग्रामपूरच्या बाईने पुण्यातल्या व्यापाऱ्याला चेक दिला असेल तर तारखेला पुण्याला जावे लागू शकते.

आणि आता नीट ऐका मैत्रिणींनो. जबाबदारी सही करणाऱ्याची असते. संयुक्त खाते असले, तरी चेकवर ज्याची सही नाही त्या खातेदारावर या कलमाखाली खटला चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अपर्णा शहा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. नवऱ्याने सही केलेल्या चेकसाठी केवळ खात्यात नाव आहे म्हणून बायकोला आरोपी करता येत नाही. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. खाते बायकोच्या नावावर, व्यवहार नवऱ्याचा किंवा दिराचा, आणि चेकबुकावर ‘इथे इथे सही करून ठेव’ म्हणून पाच-दहा कोऱ्या सह्या. अशी चेकबुके आपल्या कपाटांत किती आहेत ते ज्याचे त्याला माहीत! नवऱ्याचे खाते थकीत झाले म्हणून बायकोच्या नावाने दुकान, बायकोच्या नावाने खाते, हेही सर्रास चालते. चेक परत गेला की नोटीस तिच्या नावाने येते, कोर्टात नाव तिचे पुकारले जाते.

कोऱ्या चेकवर रक्कम मी लिहिली नव्हती, हा बचावही सहज चालत नाही. सही आपली आणि चेक आपण राजीखुशीने दिलेला असला, तर तो देण्यासाठीच दिला असे कायदा गृहीत धरतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. चेक दिल्यावर बँकेत जाऊन ‘पेमेंट थांबवा’ म्हटले तरी देणे खरे असेल तर खटल्यातून सुटका होईलच असे नाही.

बचतगटाच्या बायकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गटाच्या चेकवर अध्यक्ष आणि सचिव सही करतात. गावात पुन्हा पुन्हा यायला नको म्हणून बँकेत जाणाऱ्या एकीकडे दुसरीच्या सहीचे कोरे चेक ठेवायची पद्धत असते. भरवसा चांगला, पण कोरी सही नको. रक्कम, नाव, तारीख लिहिल्यावरच सही.

पैसे आपले, पण बँक चालू आहे ना?

वेळेवर पैसे भरूनही चेक अडकू शकतो, याचा अनुभव आपल्या जिल्ह्याइतका फार थोड्यांनी घेतला असेल. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला आणि नव्या ठेवी घ्यायला बंदी केली. स्वतःचेच पैसे काढायला लोकांना रांगा लावाव्या लागल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या अशा विनापरवाना २३ जिल्हा बँकांसाठी योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्राच्या तीन होत्या, नागपूर, वर्धा आणि आपली बुलढाणा. पुढे बँक सावरली, पण मधल्या वर्षांत शेतकरी कुटुंबांनी जे सोसले ते विसरण्यासारखे नाही.

दुसरे उदाहरण मलकापूर अर्बन सहकारी बँकेचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि खातेदाराला फक्त दहा हजार रुपये काढता येतील असे ठरले. ५ जुलै २०२३ रोजी परवानाच रद्द झाला. निर्बंध आले की खात्यात लाख रुपये असले तरी मोठ्या रकमेचा चेक वटत नाही. ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत असते. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ते फक्त एक लाख होते. पण विम्याचे पैसेही यायला वेळ लागतो, तोवर हप्ता थांबत नाही.

आणि पतसंस्था. आपला जिल्हा पतसंस्थांचा. बुलडाणा अर्बनसारखी १९८६ साली सुरू झालेली संस्था कुठल्या कुठे पोचली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण पतसंस्था कितीही मोठी असली तरी ती बँक नव्हे. ती चेक क्लिअरिंगची सभासद नसते आणि तिच्या ठेवींना तो पाच लाखांचा सरकारी विमा लागू नाही. तेव्हा पैसे पतसंस्थेत आणि चेक बँकेचा, असे असेल तर पतसंस्थेतून काढून बँकेत भरायला लागणारा दिवस हिशेबात धरायलाच हवा.

ज्यांचे खाते विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होते, त्यांनीही एक चौकशी करावी. १ मे २०२५ पासून महाराष्ट्रातल्या दोन्ही ग्रामीण बँका एकत्र होऊन एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. जुने चेकबुक चालते का, आयएफएससी तोच आहे का, जुन्या हप्त्याचे मँडेट नीट चालू आहे का, हे शाखेत विचारून घ्या.

बँकांनीही काही करावे

सगळे शहाणपण ग्राहकानेच दाखवायचे का? वेग वाढला तो यंत्रामुळे. मग त्याच यंत्राने चेक परत करण्याआधी एक मेसेज पाठवायला काय हरकत आहे? ‘तुमच्या नावाचा १८,००० चा चेक आला आहे, खात्यात ११,८०० कमी आहेत, अमुक वाजेपर्यंत भरा.’ मराठीत, सरळ. बँकेला संध्याकाळी सातपर्यंत वेळ आहे, त्यातले दोन तास ग्राहकाला दिले तर कितीतरी चेक वटतील. दंड कापल्याचा मेसेज जर लगेच येतो, तर कापण्याआधीचाही येऊ शकतो.

दुसरे, शाखेच्या दारावर मराठीत पाटी हवी. आजचा चेक आजच जावा असे वाटत असेल तर किती वाजेपर्यंत द्यावा, पेटी किती वाजता उघडतात, परतीचा आकार किती. तिसरे, काही शे रुपयांचा दंड पाच लाखांच्या चेकला आणि दोन हजारांच्या चेकलाही सारखाच बसतो, तेव्हा तो गरिबाला जड जातो. लहान रकमेच्या चेकला लहान आकार ठेवणे अवघड नाही.

आणि पेटीत चेक टाकायची सक्ती कोणी करू शकत नाही. खिडकीवर चेक देऊन स्लिपवर शिक्का मागितला तर तो द्यावाच लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दाद मिळाली नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मग वेळ साधायची कशी?

कागदावर लिहून देवघराशेजारी लावता येईल एवढेच सांगते.

चेक लिहिताना त्या क्षणी खात्यात तेवढे पैसे आहेत का ते पाहा. नसतील तर पैसे ज्या दिवशी नक्की येतील, त्याच्या दोन दिवस पुढची तारीख टाका आणि समोरच्याला तसे सांगा. तारखेआधी बँक चेक वटवत नाही, आणि चेक तारखेपासून तीन महिने चालतो.

आलेला चेक सकाळीच भरा, शक्यतो खिडकीवर, शिक्का घेऊन. पैसे खात्यात आल्याचा मेसेज आल्याशिवाय त्या पैशाच्या भरवशावर दुसरा चेक देऊ नका.

महिन्याच्या पहिल्या दिवशी कॅलेंडरवर हप्त्याच्या तारखांना लाल खूण करा आणि बँकेच्या सुट्ट्या पाहा. हप्त्याच्या आदल्या कामाच्या दिवशी पैसे भरा. दिलेल्या प्रत्येक चेकची नोंद चेकबुकाच्या मागच्या पानावर करा, नाव, रक्कम, तारीख. वटला की खूण. ५०,००० किंवा जास्त रकमेचा चेक देताना तपशील बँकेला आधी कळवण्याची सोय, म्हणजे पॉझिटिव्ह पे, जानेवारी २०२१ पासून आहे. पाच लाखांपासून पुढे बँका ती सक्तीची करू शकतात. मुलीच्या लग्नात किंवा प्लॉटच्या व्यवहारात हे राहून जाते.

घरात दोन मोबाइल असतील तर बँकेचे मेसेज ज्याच्या नावाचे खाते त्याच्याच मोबाइलवर येऊ द्या. बायकोच्या खात्याचे मेसेज नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा शेतात, मग वेळ साधणार कोण?

उसनवारी, भिशी, सोयाबीनचा भाव, पावसाची ओढ, यातले काही आपल्या हातात नाही. चेकबुक मात्र आहे. ते नवऱ्याच्या बॅगेतून किंवा दुकानाच्या गल्ल्यातून काढून आपल्या कपाटात ठेवा, आणि आज रात्री जेवणे आटोपली की एकदा त्याची पाने मोजा. किती गेली, कोणाला गेली, आणि कोऱ्या पानांवर आपली सही तर नाही ना, हे आधी पाहा.